यादीबाहेरची गोष्ट

लिफ्टला हिसका बसला, वरचा दिवा गेला आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. दोघी म्हणजे लिफ्ट आणि मी.

"शुभदा?" बाहेरून नानांचा आवाज आला. "लाईट गेली बघ."

"ते दिसतंय मला, नाना!"

"कुठं हाईस तू?"

"लिफ्टमध्ये! आणखी कुठे असणार?"

"आगं, कितव्या मजल्यावं म्हणतोय मी."

कितव्या मजल्यावर ते मलाच कळत नव्हतं. जाळीच्या दारातून समोर नुसती भिंत दिसत होती आणि माझ्या गळ्याच्या उंचीवर एका बंद दाराची खालची कड. तिच्याखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येत होती. त्या पट्टीत दोन लहान चपला येऊन उभ्या राहिल्या. निळ्या, डावीचा पट्टा तुटायला आलेला. माझा मुलगा निहार.

"तिसऱ्यावर आहे," तो म्हणाला. एवढंच.

नाना म्हणजे माझे सासरे. उभी हयात एसटीत गेली, शेवटची पंधरा वर्षं कराडच्या स्टँडवर कंट्रोलर होते, माइकवरून गाड्या पुकारायचे. लिफ्टमध्ये मात्र ते मरेस्तोवर पाय ठेवणार नव्हते. "मला काय बरणीत भरून ठेवायचंय का?" म्हणायचे. निहारही त्यांच्याबरोबर पाच मजले जिन्यानेच चढायचा-उतरायचा. त्याला लिफ्टची भीती वाटते, असं दोघांनी मला सांगून ठेवलं होतं. माझा नवरा संग्राम तेव्हा भरूचच्या एका कारखान्यात होता, महिन्यातून एकदा यायचा. म्हणजे घरात आम्ही तिघं आणि माझी मतं.

मतं पुष्कळ होती. निहार दीड वर्षाचा असताना कुणीतरी त्याला गोष्टींचं एक पुस्तक भेट दिलं. त्यात एक सासू सुनेला विहिरीत ढकलत होती, रंगीत चित्रासकट. त्या दिवशी मी ठरवलं, या घरात मुलासाठी येणारं प्रत्येक पुस्तक आधी मी वाचणार आणि प्रत्येक व्हिडिओ आधी मी बघणार. त्यासाठी एक वही केली. हिरवा ठिपका म्हणजे चालेल. पिवळा म्हणजे आईच्या शेजारी बसून. लाल म्हणजे नाही. भुतं लाल. मारामारी लाल. गोऱ्यापान राजकन्या, ढेरपोट्या माणसांची टिंगल, नवसाने झालेली मुलं, सगळं लाल. राक्षस पिवळा, तोही शेवटी पस्तावणार असेल तर. व्हिडिओंना तर हिरवा ठिपका क्वचितच मिळायचा. एका व्हिडिओत एक हत्ती पादत पादत गाणं म्हणायचा. तो मी अर्धं मिनिट पाहिला आणि लाल ठिपका असा दाबून दिला की मागच्या पानावर उमटला.

आधी शेजारणी विचारायला लागल्या, मग निहारच्या वर्गातल्या मुलांच्या आया, मग एका मासिकाने सदर दिलं. "शुभदाताईंच्या यादीतलं आहे ना?" असं लोक पुस्तकांच्या दुकानात विचारतात, हे कानावर आलं तेव्हा मी आठवडाभर हवेत होते. खोटं कशाला बोलू? त्या दिवशीही मी पालकांसमोर भाषण द्यायलाच निघाले होते. पाच वाजता, गावातल्या सभागृहात. मुलांनी काय वाचावं, काय बघावं. दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या होत्या, म्हणून मी लिफ्टने निघाले; नाना आणि निहार मला खाली पोचवायला जिन्याने. पर्स आणि पर्समधला फोन नानांच्या खांद्याला अडकवला होता.

एकच गोष्ट माझ्या यादीत बसत नव्हती. निहार बोलत नव्हता.

मुका नव्हता. पाच वर्षांचा होईपर्यंत तर तोंड मिटायचा नाही. मग हळूहळू कमी कमी होत गेलं. आठव्या वर्षी तो "हो", "नाही", "हं" आणि "काही नाही" एवढ्यावर घर चालवत होता. शाळेतल्या कुंभारबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "वर्गात विचारल्याशिवाय अक्षर बोलत नाही हो. घरी बोलतो ना?" मी म्हणाले, "हो, भरपूर." बाहेर येऊन मी भलत्याच गाडीला किल्ली लावत उभी राहिले. जगाला मुलं कशी वाढवायची ते सांगणाऱ्या बाईशी तिचा मुलगा बोलत नाही, हे मी संग्रामलाही नीट सांगितलं नव्हतं.

रोगाचं निदान मीच करून टाकलं. कुठूनतरी काहीतरी लाल त्याच्या डोक्यात शिरतंय. मग मी आणखी घट्ट केलं. खालच्या मजल्यावरच्या केतनकडे जाणं बंद, कारण तिथे टीव्ही कायम चालू. नानांच्या भुताखेतांच्या गोष्टी बंद. नाना एवढंच म्हणाले, "तुझं पोरगं, तू म्हणशील तसं." तेव्हापासून ते संध्याकाळी पेपर वाचत बसायचे, सकाळी वाचलेलाच.

असो. लिफ्टमध्ये मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दार वाजवायला सुरुवात केली. आपल्याला बंद जागेची भीती वाटते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. छातीवर कुणी पाट ठेवून बसल्यासारखं झालं.

"नाना, मला श्वास घेता येत नाहीये."

"येतोय की. वरडतीयास म्हंजे येतोय."

"नाना!"

"आगं, बस खाली आधी. उभी ऱ्हाऊ नगंस. म्या चेअरमनला गाठतो, त्या मेस्त्रीला फोन लावतो आणि खाली गेटातच थांबतो, न्हाईतर त्यो घर हुडकत बसंल." मग त्यांचा आवाज खाली वळला. "निहार, तू हितंच बस. आईसंगं बोलत ऱ्हा. गप बसू नगंस, ती घाबरलीया."

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मी पिशव्यांच्या मध्ये बसले. अख्ख्या इमारतीत मला धीर द्यायला कोण उरलं होतं, तर जो माझ्याशी बोलत नाही तो.

"निहार?"

"हं."

"बसलास का?"

"हो."

"आज शाळेत काय झालं?"

"काही नाही."

"डबा संपवलास?"

"हो."

झालं. मी बसल्या बसल्या दाराला लाथ मारली. मोठ्या बाईने दाराला लाथा मारणं कुठल्या रंगात बसतं, याचा विचार करायची सोय नव्हती. घाम पाठीवरून ओघळत होता आणि मला रडू यायला लागलं. मी तोंडावर पदर धरला.

"आई, तू रडतेयस?"

"नाही."

"रडतेयस." चपलांची चुळबुळ झाली. मग तो म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगू? पण ती यादीतली नाहीये."

त्या क्षणी त्याने मला टेलिफोन डिरेक्टरी वाचून दाखवली असती तरी मी ऐकली असती. "सांग," मी म्हणाले. "लवकर सांग."

"एक दगडू भूत असतं. ते कराडच्या स्टँडवर राहतं, सात नंबरच्या फलाटावर. पण आधी तो माणूस होता. त्याची पाटणची शेवटची गाडी चुकली. मग तो बाकावर बसून वाट बघायला लागला. वाट बघता बघता मेला. पण त्याला कुणी सांगितलंच नाही की तू मेलास."

"अरे बापरे."

"मग तो रोज कंट्रोलरच्या खिडकीशी येतो आणि विचारतो, पाटणची लागली का? कंट्रोलर म्हणतो, लागंल, बस. मग तो परत जाऊन बसतो. कंट्रोलरला माहीत असतं की तो मेलाय. पण तो सांगत नाही. त्याला वाईट वाटेल ना."

हे सगळं त्याने एका दमात सांगितलं, आणि मध्येच नानांसारखा हेल काढून. "लागंल, बस" हे तर हुबेहूब नानाच. मी पदर खाली घेतला. महिनोन्‌महिने या मुलाने माझ्यासमोर एका वेळी चार शब्दांहून जास्त उच्चारले नव्हते, आणि इथे फटीतून वाक्यांमागून वाक्यं येत होती. श्वास आपोआप येत-जात होता, मी मोजत नव्हते.

"मग एक दिवस दगडू पार्सलच्या खोलीत झोपतो आणि हमाल बाहेरून कुलूप लावतो. आत एकदम अंधार. तुझ्यासारखा. भूत असून त्याला भीती वाटते. मग अंधारात कुणीतरी त्याच्या मानेवर फुंकर मारतं. तो हात लावून बघतो तर सोंड! पार्सलने हत्ती चाललेला असतो. शेपटीला पावती बांधलेली. आणि तो हत्ती ना..." इथे त्याला हसू आवरेना. "तो हत्ती पादतो आणि गाणं म्हणतो, पादतो आणि गाणं म्हणतो..."

"हा हत्ती कुठे बघितलास तू?" मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. राग नव्हता त्यात, शपथेवर सांगते. सवयच होती ती. शिंक यावी तशी.

बाहेरचा आवाज बंद झाला. उजेडाच्या पट्टीतल्या चपला मागे सरकल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"निहार?"

काही नाही.

"निहार, बाळा, आहेस ना तू?"

त्या दिवशी पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. आधीची भीती लिफ्टची होती. ही वेगळी. मी जाळीला धरून उभी राहिले आणि तोंड फटीजवळ नेलं. "निहार, अरे बोल ना."

"आहे," लांबून आवाज आला.

"मग पुढे सांग ना. हत्तीचं काय झालं?"

"नको."

"का?"

"कुठे ते सांगितलं की ते जातं."

"काय जातं?"

चपलेचं टोक फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग एकेक करून सांगायला लागला, बाई पाढे विचारतात तेव्हा सांगावं तसं. "कोल्हा विडी ओढतो ते पुस्तक मी तुला सांगितलं, ते गेलं. केतनकडे व्हिडिओ बघितला ते सांगितलं, तर केतनकडे जायचं बंद झालं. शाळेच्या बसमधला दादा जोक सांगतो म्हणून सांगितलं, तर तू मला बसमधून काढलंस. आजोबांची मुंज्याची गोष्ट सांगितली, तर आजोबांच्या गोष्टीच गेल्या." तो थांबला. "आता फक्त जिना राहिलाय."

"जिना? जिन्याचं काय?"

"बघ, परत विचारतेयस."

मी ओठ चावला. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"आजोबा घरात सांगत नाहीत. तू नाही म्हणालीस ना. मग आम्ही जिन्यात सांगतो. एका मजल्याला एक तुकडा. खाली जाताना आजोबा सांगतात, वर येताना मी. आजोबांचे गुडघे दुखतात, तर आम्ही मध्ये बसतो, तेव्हा जास्त सांगता येतं." मग एकदम बारीक आवाजात, "मला लिफ्टची भीती नाही वाटत, आई. कधीच नव्हती."

आधी मला राग आला, हे कबूल करायला हवं. माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात, सासऱ्यांनी आणि मुलाने संगनमत करून मला मूर्ख बनवलं! एरवी मी अशा वेळी तडक स्वयंपाकघरात जाते आणि भांडी आपटते, किंवा वही काढून बसते. तिथे जायलाच जागा नव्हती. चार फूट बाय चार फूट. राग माझ्याबरोबर तसाच कोंडलेला राहिला आणि हळूहळू विरत गेला. खाली उरलं ते फार वाईट होतं. बहात्तर वर्षांचा म्हातारा दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसातून दोन-तीनदा पाच मजले चढत होता, कारण माझ्या घरात नातवाशी बोलायला त्याला जागा नव्हती. आणि माझा मुलगा गप्प होता तो कुठल्या व्हिडिओमुळे नाही. त्याने तोंड उघडलं की मी त्या बोलण्याचं मूळ शोधायची आणि उपटून टाकायची. त्याच्याकडे जे थोडंफार उरलं होतं, ते तो तोंड मिटून सांभाळत होता. माझ्यापासून.

मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही.

"निहार," मी म्हणाले, "मी आता कुठे ते विचारणार नाही."

"लाल पण नाही देणार?"

"वही वर घरात आहे ना. इथे कुठे आहे?"

"म्हणजे बाहेर आलीस की देशील."

"नाही देणार" म्हणणं सोपं होतं. पण मी स्वतःला ओळखत होते आणि तोही मला ओळखत होता. आठ वर्षांचं पोर बाहेर माझं उत्तर ऐकायला थांबलं होतं. आज तो विचारत होता आणि मी गप्प होते.

"मला माहीत नाही रे," मी शेवटी म्हणाले. "बाहेर आल्यावर मी कशी वागेन ते मला नाही माहीत. पण आत्ता मला हत्तीचं काय झालं ते ऐकायचंय. खरंच ऐकायचंय."

चपला सरकत सरकत पुन्हा पट्टीत आल्या. मला वाटतं, माझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही. गोष्ट अर्धवट ठेवणं त्यालाच जमत नव्हतं.

"हत्ती म्हणतो, दगडू, तू माझी सोंड धर आणि मी पादलो की जोरात ओरड, पाटण! मग तो एवढा मोठा..." इथे त्याने तोंडाने तो आवाज काढला. जिन्यात घुमला. "आणि दार तुटून थेट आठ नंबरच्या फलाटावर पडतं! सगळे प्रवासी नाक दाबून पळतात. फक्त दगडू पळत नाही, कारण भुतांना नाक नसतं."

मी हसले. इतकी हसले की लिफ्ट हलली, आणि लिफ्ट हलली म्हणून किंचाळले, आणि त्यावर तो हसला. अंधारात, दाराच्या दोन बाजूंना, आम्ही दोघं खिदळत होतो. सभागृहात लोक जमले असतील, फुलांचा गुच्छ आणला असेल, हे मला खूप नंतर आठवलं.

मग तो थांबलाच नाही. गोष्टीतून कधी शाळेत शिरला ते त्यालाही कळलं नसावं. मधल्या सुट्टीत सगळे हत्ती-हत्ती खेळतात. ज्याला गाणं येत नाही त्याला खेळात घेत नाहीत. त्याला येत नव्हतं. दोन महिने तो नळापाशी उभा राहून नुसता पाणी पीत होता. "किती पाणी पिणार, आई? मग सारखी शू लागायची." मग केतनने त्याला गाणं शिकवलं, त्याच्या घरी नाही, शाळेतच, जिमखान्यामागे. आता तो तिसरा हत्ती आहे. पहिला हत्ती व्हायला सोंड चांगली करता यावी लागते. कुंभारबाईंच्या केसांचा वास आजीच्या केसांसारखा येतो. त्याला आजी आठवते, पण तो कुणाला सांगत नाही, कारण आजोबा मग जेवत नाहीत.

मी एकही प्रश्न विचारला नाही. "हं" म्हणत होते, "मग?" म्हणत होते. त्याच्या घरातल्या चार शब्दांपैकी एक मी घेतला होता.

खालून नानांच्या चपला वाजल्या, बरोबर कुणाचे तरी बूट. हत्यारांची पिशवी खणखणली.

"ताई, मी मुल्ला, लिफ्टचा मेस्त्री," दाराबाहेरून आवाज आला. "घाबरायचं न्हाई. आता वरच्या खोलीत जाऊन हातानं चाक फिरवतो, लिफ्ट तिसऱ्याला लावतो आणि दार उघडतो. दोन मिनटं फकस्त."

बूट वरच्या जिन्याला लागले.

"काका," निहार म्हणाला. बूट थांबले. "काका, जरा थांबा ना. माझं सांगून झालं नाहीये."

"आरं, आई कवापासनं आत अडाकलीया," नाना म्हणाले. "भाईर आली की सांग की."

"नको," निहार म्हणाला. "आत असली की ती ऐकते."

मुल्लांनी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. ते काय करावं म्हणून नानांकडे बघत असावेत.

"मुल्लाभाई," मी आतून म्हणाले, "थांबा जरा. मला घाई नाही." मी भिंतीला टेकून पुन्हा खाली बसले आणि वर फटीकडे बघितलं. "हं, निहार. मग?"